बीए सोडू का? आणि नाही सोडलं तर वाचायचं कसं ते तरी सांगा (बडोदा)

सूरसागर_काठची

नमस्कार सगळ्यांना, पोस्ट लांब होणार आहे, आधीच सॉरी.

मी बडोद्याची, घर बाबाजीपुऱ्यात. घरी मराठी, शाळा बारावीपर्यंत गुजराती मिडियम, आणि आता शहरातल्याच एका कॉलेजात बीए करतेय, मेजर सोशिऑलॉजी, मायनर हिस्ट्री. दोन सेमिस्टर झाल्या, एकसष्ट टक्के आले. आमच्याकडे कुणाला सांगितलं की मी आर्ट्स करते तर पहिली रिअ‍ॅक्शन "अरे वा, ड्रॉइंग छान असेल तुझं", कारण बडोद्यात आर्ट्स म्हणजे लोकांच्या डोक्यात फाइन आर्ट्सच. (मला दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली एक घर एवढंच येतं.) मग मी म्हणते नाही हो काकू, साधं आर्ट्स, तर चेहरा पडतो आणि पुढचा प्रश्न शेजारच्या बेनचा, "तो पछी शुं करवानु?" (मग पुढे काय करायचं?)

पण मला खरा त्रास त्याचा नाहीये. त्रास हा आहे की मलाच कळत नाहीये मी काय शिकतेय. वर्गात सर नोट्स सांगतात, आम्ही उतरवतो, परीक्षेच्या आधी आठ दिवस झेरॉक्सवाल्याकडून गाईडची पानं आणतो, पाठ करतो, लिहून येतो. मागच्या सेमिस्टरला प्रश्न होता संस्कृतीकरण म्हणजे काय, उदाहरणासह लिहा. मी गाईडमधलं उदाहरण जसंच्या तसं लिहिलं, बाहेर आल्यावर मैत्रिणींना विचारलं तर सगळ्यांनी तेच, शब्दसुद्धा तेच. आणि मला मार्क चांगले पडले त्या प्रश्नाला!! त्या दिवशी घरी येताना रावपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्टिव्हावर बसल्याबसल्या डोक्यात आलं की हे तीन-चार वर्षं असंच करायचं असेल तर बाबा म्हणतात तेच बरोबर आहे.

बाबांचं म्हणणं, अजून वेळ गेलेली नाही, बीबीएला टाकू. वर मावशीची मुलगी पुण्यात एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत लिबरल आर्ट्स करते, ती सुट्टीत आली की सेमिनार, डिस्कशन, रिस्पॉन्स पेपर असले शब्द वापरते आणि मी गप्प बसते. तिचं आणि माझं एकच आहे का? की ती काहीतरी वेगळंच शिकतेय?

तर प्रश्न दोन. सोडू का? आणि नाही सोडलं तर हे विषय वाचायचे कसे? इंग्रजी पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर झोप येते, खोटं कशाला बोलू. एका पानाला वीस शब्द अडतात.

मकरपुरा_शिफ्ट

बाबांचं ऐक. मी मेकॅनिकल करून मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) आहे, इथे बीएवाल्याला कुणी विचारत नाही. संपलं.

खिडकीतली_तगर

@मकरपुरा_शिफ्ट दादा, जीआयडीसीत विचारत नाहीत म्हणजे जगात विचारत नाहीत असं नसतं.

मकरपुरा_शिफ्ट

बरं बरं. चिडू नका. दुपारी जेवून झाल्यावर नीट लिहितो.

मांडवीचा_वाचक

सूरसागरवाली, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी 90च्या दशकात बडोद्यातच बीए केलं, नंतर एमए, आणि आता बरीच वर्षं भाषांतराचं काम करतो, कोर्टाची कागदपत्रं, कंपन्यांचे करार, मधूनच एखादं पुस्तक. पैसे फार नाहीत पण घर चालतं. हे आधी सांगितलं म्हणजे पुढे जे लिहितोय ते कुठल्या खुर्चीत बसून लिहितोय ते कळेल.

नोट्सचं म्हणशील तर हे दुखणं बडोद्याला नवीन नाही, शंभर वर्षांहून जुनं आहे. अरविंद घोष 1893 ला विलायतेहून थेट इथे आले, सयाजीरावांच्या नोकरीत, आणि पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी नि फ्रेंच शिकवायचे. एकदा नेल्सनचं चरित्र शिकवत होते तर पोरं म्हणाली, सर तुम्ही सांगताय ते नोट्सशी जुळत नाही. ते म्हणाले मी नोट्स वाचल्याच नाहीत, बहुतेक फालतूच असतात. त्यांना नवल याचं वाटायचं की पोरं सगळं उतरवून घेतात आणि पाठ करतात, इंग्लंडात असं कुणी करत नाही. आता बघ, मास्तर कोण, तर अरविंदबाबू, आणि पोरं त्यांना सांगतायत की तुमचं गाईडशी जुळत नाही. तेव्हा तू एकटी नाहीस.

दुसरं. तुझ्या त्या संस्कृतीकरणाच्या प्रश्नाचा माणूस बडोद्याचाच म्हणायचा. एम. एन. श्रीनिवास 1951 साली ऑक्सफर्डहून आले आणि एम. एस. युनिव्हर्सिटीत सोशिऑलॉजीचं डिपार्टमेंट त्यांनी उभं केलं, 59 पर्यंत इथेच होते. कूर्ग लोकांवरचं त्यांचं पुस्तक 1952 चं, त्यातून हा शब्द सगळीकडे गेला. म्हणजे तू ज्या कल्पनेची झेरॉक्स काढून आणलीस ती कल्पना मांडणारा माणूस तुझ्या घरापासून अ‍ॅक्टिव्हावर दहा मिनिटांवर शिकवत होता. हे तुला वर्गात कुणी सांगितलं का? नसेलच. मलापण नव्हतं सांगितलं, मला एमएला कळलं आणि मी चरफडलो.

त्यांची आणखी एक गोष्ट ऐक, नोट्सवरूनच आठवली. 1948 ला ते मैसूरकडच्या एका खेड्यात राहिले होते, तिथली टिपणं पुढे वर्षानुवर्षं वर्गवारी करून तयार केली. 1970 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला ते बसायचे त्या इमारतीला आग लावली गेली आणि त्या तयार टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी काय केलं, आठवणीतून लिहायला बसले. 1976 ला पुस्तक आलं, आणि आपल्याकडच्या खेड्यावर लिहिलेल्या चांगल्या पुस्तकांत ते आजही धरतात. तुझं गाईड जळलं तर तुझ्याकडे काय उरेल, हा प्रश्न मी स्वतःला दर परीक्षेआधी विचारायचो. उत्तर बऱ्याचदा लाज वाटण्यासारखं असायचं.

आता वाचायचं कसं. मी जे केलं ते सांगतो, शास्त्र वगैरे नाही.

एका बैठकीत चार पानं, पाचवं नाही. पहिल्यांदा डिक्शनरी न उघडता सरळ वाचून काढायचं, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने फक्त रेघ. वीसातले बारा शब्द पुढच्या पानावर आपोआप उलगडतात, विश्वास ठेव. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक पॅऱ्याशेजारी मराठीत एक ओळ, मराठीतच, किंवा गुजरातीत, तुला जे आधी सुचेल त्यात. हा म्हणतोय काय? एवढंच. ती ओळ लिहिता आली नाही तर पॅरा कळलेला नाही, कितीही हायलाइट कर. आणि तिसरी गोष्ट, जी मला एका बाईंनी सांगितली होती आणि तिच्यावर माझं आजचं पोट चालतं: लेखक जिथे हाऊएव्हर, ऑल्दो, बट म्हणतो तिथे खूण कर. लेखकाचा खरा मुद्दा तिथे वळतो. गाईडवाला नेमका त्याच्या आधी थांबलेला असतो.

संस्कृतीकरणाचंच घे. गाईडमध्ये काय असतं, खालच्या समजल्या जाणाऱ्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलतात, मांसाहार सोडतात, दारू सोडतात, देवदेवक, विधी बदलतात. बरोबर आहे, पण पुढे "पण" आहे. श्रीनिवासांनी याला ब्राह्मणीकरण का नाही म्हटलं? कारण अनुकरण दरवेळी ब्राह्मणाचंच होतं असं नाही, गावात जी जात जोरात असेल, जमिनीने, संख्येने, तिच्याकडे बघूनही लोक बदलतात. हा एक "पण" धरलास की उदाहरण गाईडमधून आणायची गरजच नाही. दांडिया बझारात फिर, मोठ्यांना विचार तुमच्या लग्नात पूर्वी काय होतं आणि आता काय. आपण बडोद्याचे मराठी लोक, कोण सरदारांबरोबर आले, कोण शागिर्दपेशात म्हणजे राजवाड्याच्या चाकरीत, कोण नोकरीला, कुणी कुणाकडे बघून काय उचललं, निम्मं गुजरात्यांकडून उचललं, घरातच सिलॅबस पडलाय.

आणि सेंट्रल लायब्ररीत जा. मांडवीजवळची. सयाजीरावांनी 1910 ला बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं ते याच कामासाठी, शहरापासून खेड्यापर्यंत लायब्रऱ्यांचं जाळं उभं करायला, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जायच्या. आतले लोखंडी रॅक आणि मजल्यांची काचेची जमीन एकदा बघच, वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली सावली हलते. मी तिथे बसून वाचायला शिकलो, वर्गात नाही.

सोडायचं की नाही ते मी सांगणार नाही. पण वाचून न बघता सोडू नकोस.

निवृत्त_बाई

मांडवीचा_वाचक यांनी मन लावून लिहिलंय, मी फक्त नियमांचं सांगते कारण मुलं निर्णय घेतात आणि नियम नंतर वाचतात. मी तीसेक वर्षं कॉलेजात शिकवलं (इतिहास), शेवटची काही वर्षं अ‍ॅडमिशन कमिटीत गेली.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) जी चौकट आहे त्यात तीन वर्षांची डिग्री 120 क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स 160 ची. पहिल्या वर्षाचे 40 क्रेडिट पूर्ण करून आणि वर उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्यवसायाभिमुख कोर्स करून कुणी बाहेर पडलं तर सर्टिफिकेट मिळतं, 3 वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळी डिग्री 7 वर्षांत संपवायची. म्हणजे बेटा तू आत्ता सोडलंस तरी सगळं पाण्यात जाईल असं नाही, पण नुसतं कॉलेजला जायचं बंद केलंस तर जाईल. रीतसर सोड. आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच शाखेत मेजर बदलायचीही सोय त्या चौकटीत आहे. तुमच्या कॉलेजने यातलं काय आणि कसं लागू केलंय ते ऑफिसात जाऊन लेखी विचार, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

ऑनर्स विथ रिसर्च (चौथ्या वर्षी संशोधन) करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात. तू 61 वर आहेस. अशक्य नाही, पण आत्तापासून धरावं लागेल.

आता मला जे सांगायचं होतं ते. क्रेडिट म्हणजे काय हे मुलांना कुणी सांगत नाही. वर्षाचे 40 क्रेडिट म्हणजे 1200 तासांचा अभ्यास धरलेला आहे, म्हणजे एका क्रेडिटला 30 तास. चार क्रेडिटचा एक पेपर झाला 120 तासांचा. त्यातले वर्गात जातात साधारण 60. उरलेले 60 तुझे, घरचे, लायब्ररीतले, आठवड्याला चार तास एका पेपरला. तुम्ही परीक्षेआधी आठ दिवस वाचता म्हणजे अर्धी डिग्री वाचलेलीच नसते, मग वाटतं यात काही नाहीच. मला हे बोलताना राग येतोय पण तो तुझ्यावर नाही.

आणि नोट्स सांगणारे सर. वर्गात ऐंशी मुलं, त्यातली पन्नास फक्त पास व्हायला आलेली, मीही काही वर्षं डिक्टेशन दिलंय, कबूल करते. पण एखादं पोर तासानंतर येऊन विचारायचं ना, बाई हे असं का, त्याला मी स्टाफरूममध्ये चहा पाजायचे. सर कितीही कंटाळलेले असू दे, एकदा प्रश्न घेऊन जाऊन बघ. "समजलं नाही" म्हणून जाऊ नकोस, तसं म्हटलं की परत तेच डिक्टेशन. "हे इथे असं लिहिलंय आणि तिथे तसं, कुठलं धरू" असं जा.

मुळशीतली_बडोदेकर

हाय! मी ती मावशीची मुलगी नाही पण असू शकले असते हाहा. मी पण बडोद्याचीच, पुण्यात प्रायव्हेटला लिबरल आर्ट्स, थर्ड इयर. थोडं ग्लॅमर कमी करते.

हो, आमच्याकडे वर्गात तीस मुलं असतात, गोल बसतो, बोलावं लागतं, बोलण्याला मार्क आहेत. दर आठवड्याला वाचून दोन पानं लिहून द्यायची तो रिस्पॉन्स पेपर. यात "लिबरल आर्ट्स" असं वेगळं काही जादूचं नाही. सायकॉलॉजीबरोबर इकॉनॉमिक्स नि फिल्म घेता येतं, तुमच्याकडे मेजर मायनर आहे तेच जरा सैल. फी मात्र लाखांत आणि आईबाबांनी त्यासाठी लोन काढलंय, ते मला रोज आठवतं. आणि सगळे वाचून येतात असा समज असेल तर काढून टाक. चाळीस पानं दिली की निम्मा वर्ग चॅटबॉटकडून समरी काढून येतो. ओळखू येतं, कारण सगळ्यांचे मुद्दे सेम टू सेम, एकाच क्रमाने. तुझ्या त्या परीक्षेसारखंच. फक्त गाईड बदललंय ग.

मला खरा फायदा झाला तो बोलून. आधी दोन महिने मी तोंड उघडलं नाही, माझं इंग्लिश पण घरचंच. मग एकदा प्रोफेसर म्हणाल्या तुला जे म्हणायचंय ते मराठीत म्हण, कुणीतरी ट्रान्सलेट करेल. बोलले. इतकं बोलले की थांबवावं लागलं.

सो माझं सजेशन, तीन-चार जणी मिळून आठवड्यातून एकदा बसा. सेवउसळ खायला जाताच ना, त्याआधी एक तास. एकीने चार पानं वाचून सांगायची, बाकीच्यांनी फक्त "कशावरून?" विचारायचं. फुकट सेमिनार.

खिडकीतली_तगर

ड्रॉइंगचा विषय निघालाय म्हणून एक आगाऊपणा करते. लिबरल आर्ट्स हे मूळ लॅटिनमधलं, स्वतंत्र माणसाला साजेशा विद्या असा अर्थ, राजकारणातल्या लिबरलशी काही संबंध नाही (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून भांडण झालंय). मध्ययुगात युरोपात त्या सात धरायचे. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे तीन आधी, मग अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. चित्रकला त्यात नाहीच! आणि संगीतसुद्धा गणिताच्या पंगतीत. तेव्हा काकूंना सांग, हो काकू, माझं अंकगणित छान आहे.

मकरपुरा_शिफ्ट

जेवलो. लिहितो म्हणालो होतो.

मी सकाळी बोललो ते अर्धवट होतं. खरं सांगायचं तर इंजिनियर म्हणून विचाराल तर बीएवाल्याला आमच्याकडे जागा नाही हे बरोबरच आहे. पण मागच्या वर्षी आमच्याकडे ऑफिसात एक मुलगी आली, बीए इतिहास, पगार कमी, फायलिंगचं काम. शॉपफ्लोअरवर एका माणसाचं बोट चेपलं. रिपोर्ट मीच लिहिला, दीड ओळ, "ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे किरकोळ अपघात". तिने फाइल करायच्या आधी परत आणून दिला. म्हणाली सर, निष्काळजीपणा कुणी पाहिला? मी म्हटलं सगळ्यांना माहितीय. ती म्हणाली सगळ्यांना म्हणजे कुणाला, नाव लिहू का? मग ती खाली गेली, तिघांशी वेगवेगळं बोलली, ऑपरेटरशी, हेल्परशी, मेंटेनन्सवाल्याशी, आणि समजलं की मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून असतं ते झाकण) चार दिवसांपूर्वी काढलेला होता, परत बसवलाच नव्हता, आणि तो काढायला सांगणारा मीच. प्रॉडक्शन अडत होतं म्हणून.

मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. आता ती दुसरीकडे गेली, जास्त पगारावर. तिला विचारलं होतं हे कुठे शिकलीस तर म्हणाली इतिहासात, सर, एकाच्या सांगण्यावर काही लिहायचं नसतं.

बस. बीबीए वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण सकाळचं "संपलं" मागे घेतो.

निवृत्त_बाई

@मकरपुरा_शिफ्ट त्या मुलीच्या बाईंना मी ओळखत असते तर पेढे दिले असते.

मांडवीचा_वाचक

मकरपुरावाले, हे लिहायला धाडस लागतं. सलाम.

आणि यावरून हंसा मेहतांची आठवण झाली. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू, 1949. त्याच्या आदल्याच काळात त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर काम करणाऱ्या समितीत होत्या. मसुद्यात पहिल्या कलमात "ऑल मेन" असं होतं. बाई अडून बसल्या, मेन म्हटलं की उद्या कुणीतरी त्याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावेल. 1948 ला मंजूर झालं ते "ऑल ह्यूमन बीइंग्ज". एक शब्द. बडोद्यात त्यांच्या नावाची लायब्ररी आहे, पोरं तिथे एसीसाठी जातात.

सूरसागर_काठची

इतकं सगळं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना खूप थँक्यू. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण करून बघत होते.

आधी ऑफिसात गेले, निवृत्त बाईंनी सांगितलं तसं लेखी विचारलं, क्लार्ककाका म्हणाले सोमवारी या. सोमवारी म्हणाले बुधवारी या. ते चालूच आहे.

मग सेंट्रल लायब्ररीत गेले. काचेची जमीन खरंच आहे, मी पंधरा मिनिटं वर कोण चालतंय तेच बघत होते. मग चार पानं वाचली. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा ओळी लिहिल्या, सात पॅऱ्यांपैकी चारच जमल्या, तीन ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. ते तीन घेऊन सरांकडे गेले. सर आधी म्हणाले परीक्षेला येत नाही हे. मग मी म्हटलं इथे असं लिहिलंय आणि तुमच्या नोट्समध्ये तसं. त्यांनी चष्मा काढला, पान हातात घेतलं आणि उभ्याउभ्याच वाचत बसले. मग म्हणाले उद्या ये. (उद्याला खरंच आले होते, स्वतः वाचून. मला ते फार वेगळं वाटलं, सांगता येत नाही.)

पण खरी मजा घरी झाली. मांडवीचा_वाचक म्हणाले होते घरात सिलॅबस पडलाय, म्हणून आजीला पकडलं. आमचं मूळ गाव साताऱ्याकडे, आजोबा लहान असताना इथे आले. आजी म्हणाली पूर्वी कुलदेवीला गावी बोकड असायचा, सगळी भावकी जमायची. मग कधीतरी तो बंद झाला आणि कोहळा कापायला लागले, आता तर नारळ आणि पुरणाचा नैवेद्य. मी एकदम खूश! म्हटलं सापडलं, हेच तर संस्कृतीकरण, जसं पुस्तकात तसंच, वहीत लिहूनपण टाकलं. मग मकरपुरा दादांच्या ऑफिसातली ती मुलगी आठवली म्हणून विचारलं, आजी पण बंद का झाला?

आजी म्हणाली, "अगं बोकड महाग झाला."

मी म्हटलं एवढंच? म्हणाली एवढंच कसं, भावकीत वर्गणीवरून भांडण झालं, धाकट्या काकांनी पैसे दिले नाहीत, मग कुणीतरी म्हणालं देवीला कोहळापण चालतो. मी म्हटलं कोण म्हणालं? तर म्हणे गुरुजी म्हणाले, पण गुरुजींना तसं म्हणायला तुझ्या पणजोबांनी सांगितलं होतं. आणि मग शेजारच्या वाड्यातल्या लोकांकडे पण नैवेद्यच असतो म्हणून बरं दिसतं असं नंतर सगळे म्हणायला लागले.

आता मला कळत नाहीये की हे उदाहरण झालं की नाही झालं. आधी महागाई आली का आधी बरं दिसणं? सरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले दोन्ही लिही, क्रमाने लिही, आणि कोण काय म्हणालं ते नावासकट लिही. इंटर्नलला हेच करते आहे. तीन पानं झालीत, इंग्रजी गचाळ आहे.

बाबांना सांगितलं की सहा महिने द्या. बाबा म्हणाले बीबीएचा फॉर्म मी भरून ठेवतो, नको असेल तर फाडू. चालेल म्हटलं.

मुळशीतली_बडोदेकर

धाकटे काका काय म्हणतात यावर?? त्यांची बाजू घेतलीस का?

सूरसागर_काठची

धाकटे काका म्हणजे आजीचे दीर ग, ते आता नाहीत. पण त्यांच्या सूनबाई नवापुऱ्यात राहतात. रविवारी जातेय. आजी म्हणाली मी सांगितलं असं सांगू नकोस.

निवृत्त_बाई

जाताना वही ने. फोनवर रेकॉर्ड करणार असशील तर आधी विचारून कर. आणि काही खायला घेऊन जा, रिकाम्या हाताने गेलं की लोक थोडक्यात आटपतात.